सत्य सांगणारा आणि सत्य ऐकणारा

छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी देवळातील प्रवचनांत ऐकली असेलच. विद्येसाठी निघालेला मुलगा आईला आपले गोत्र विचारतो. जबाला सांगते की, तारुण्यात परिचारिका म्हणून मी अनेकांकडे वावरले, त्या काळात तू झालास. तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम, तेव्हा तू सत्यकाम जाबाल. मुलगा गौतम ऋषींपुढे उभा राहून हेच जसेच्या तसे सांगतो आणि ऋषी त्याला समिधा आणावयास सांगतात. या कथेचे निरूपण करताना आपण मुलाच्या सत्यनिष्ठेची वाखाणणी करतो, आणि ती योग्यच आहे. परंतु गौतमाने त्या दिवशी पाठ फिरविली असती, तर पुढच्या आश्रमाच्या दाराशी सत्यकामाने काय सांगितले असते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आमच्या मनात तो आला, तो अगदी निराळ्या जगातील, हॉलिवूडमधील, एका नटीच्या जीवनाचा विचार करताना.

मर्ल ओबेरॉन हे नाव जुन्या चित्रपटांच्या रसिकांस अपरिचित नाही. १९३३ साली अलेक्झांडर कोर्डा याच्या आठव्या हेन्रीवरील बोलपटात अ‍ॅन बुलीनच्या लहानशा भूमिकेने ती लोकांच्या डोळ्यांत भरली. १९३५ च्या ‘द डार्क एंजल’मधील कामासाठी सर्वोत्कृष्ट नटीच्या ऑस्कर पारितोषिकाकरिता तिची शिफारस झाली, १९३९ साली ‘वदरिंग हाइट्स’मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए याच्यासमोर ती नायिका होती. त्याच वर्षी तिने कोर्डाशी विवाह केला आणि १९४२ मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाल्यावर ती लेडी कोर्डा झाली. जगाला सांगण्यात येई की, ती ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर जन्मलेली गोरी मुलगी. वास्तविक ती १९ फेब्रुवारी १९११ रोजी आपल्या मुंबईत जन्मली. बाप इंग्रज, आजोळ सिलोनमधील मिश्रवंशीय. तिचे बालपण कलकत्त्यात ओढगस्तीत गेले आणि तिथल्या शाळेत जन्मावरून तिला टोमणे ऐकावे लागले. १९७९ साली ती निवर्तली. त्यानंतर १९८३ मध्ये निघालेल्या चरित्राने ही हकीकत सर्वांपुढे आणली.

“खोटारडी!” असे म्हणून पुस्तक मिटणे सोपे आहे. पण ज्या दाराशी ती उभी होती, ते दार तरी पाहावे. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या शीख गृहस्थाच्या खटल्यात निर्णय दिला की, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नव्हे, सबब तो नागरिकत्वास पात्र नाही. ही बंदी १९४६ पर्यंत टिकली. १९३० साली तयार होऊन १९३४ पासून कडकपणे अमलात आलेल्या चित्रपटांच्या नियमावलीने गोऱ्या व काळ्या वंशांतील स्त्री-पुरुषांचे संबंध पडद्यावर दाखविण्यास मनाई केली होती, आणि तिच्या छायेत इतर वर्णांच्या नटनट्यांचीही अडवणूक होई. अ‍ॅना मे वाँग ही लॉस एंजेलिस येथेच जन्मलेली चिनी वंशाची गुणी नटी. तिला आपला चेहरा लपविणे शक्य नव्हते. ‘द गुड अर्थ’ या १९३७ च्या चित्रपटातील चिनी शेतकऱ्याच्या बायकोची भूमिकादेखील तिला न मिळता लुइझ रेनर या युरोपीय नटीला मिळाली, आणि त्या भूमिकेसाठी ऑस्करही. ज्या दाराशी चिनी स्त्रीला चिनी स्त्री होण्याचीही परवानगी नाही, तेथे मुंबईचे नाव सांगणाऱ्या मुलीचे काय झाले असते, हे सांगावयास नको. ज्याने खरे बोलणाऱ्यास उपाशी ठेवावयाचे ठरविले, त्याला खोटे बोलणाऱ्यावर रागावण्याचा अधिकार कितपत उरतो?

येथवर आमचे मन मर्लच्या बाजूने आहे. पुढे मात्र पाऊल अडखळते. जिला ती आई म्हणून ओळखत होती ती शार्लट सेल्बी तिच्याबरोबर परदेशी राहिली. पण आल्यागेल्यासमोर तिची ओळख घरातील दासी अशी करून दिली जाई. १९३७ साली शार्लट वारली. पुढे १९४९ मध्ये मर्लने एका जुन्या छायाचित्रावरून तिचे तैलचित्र काढून घेतले आणि चित्रकाराला सांगितले की, वर्ण उजळ करावा. ते चित्र अखेरपर्यंत तिच्या घरात टांगलेले होते. उपनिषदात दासीने आई म्हणून आपले नाव मुलाला दिले; येथे मुलीच्या नावासाठी आई दासी झाली. जगाला फसविणे ही तडजोड म्हणता येईल. परंतु ज्या माउलीने वाढविले तिला चहाचे तबक हाती देऊन उभे करणे, ही तडजोड राहत नाही.

तथापि या गाठीच्या आत आणखी एक गाठ आहे. शार्लट ही मर्लची आई नव्हतीच. ती आजी होती. खरी आई शार्लटची मुलगी, मर्लच्या जन्माच्या वेळी स्वतःच अजाण पोर. तिच्यावरील कलंक झाकावा म्हणून शार्लटने नातीला आपली मुलगी म्हणून वाढविले, आणि आपल्या जन्मदात्रीला मर्ल सावत्र बहीण समजत राहिली. म्हणजे पहिले असत्य मर्लचे नव्हे. ते एका आईने पोटच्या पोरीसाठी, करुणेपोटी उच्चारलेले असत्य होते. करुणेचे असत्य आणि महत्त्वाकांक्षेचे असत्य एकाच घरात, एकाच छपराखाली नांदत होते. त्यांतील सीमारेषा बोटाने दाखविण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

महाभारतकारांनी मात्र अशा असत्याचे फळ सांगून ठेवले आहे. कर्णाने आपण ब्राह्मण असल्याचे सांगून परशुरामाकडून अस्त्रविद्या मिळविली. शाप असा मिळाला की, ती ऐन वेळी आठवणार नाही. मर्लची कला तिला कधी सोडून गेली नाही. तिच्या चेहऱ्यावरील व्रण कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून तिचा दुसरा पती, छायालेखक ल्यूसियन बॅलार्ड, याने एक खास दिवाच तयार केला होता. परंतु १९७८ साली टास्मानियातील होबार्ट शहराने तिला ‘माहेरची लेक’ म्हणून सत्काराला बोलाविले, तेव्हा तिची विद्या उपयोगी पडली नाही. आपण येथे जन्मलो नाही असे सांगून, प्रकृतीचे कारण पुढे करून ती समारंभातून निघून गेली व पुढे मुलाखती दिल्या नाहीत. खोट्या माहेरी ती राहू शकली नाही, खऱ्या माहेराचे नाव घेऊ शकली नाही. पुढच्याच वर्षी ती वारली. असत्याची शिक्षा बाहेरून यावी लागत नाही. स्वतःचे घर सांगता न येणे, हीच ती शिक्षा.

आणि दैवाचा खेळ पाहा. २०२३ साली मिशेल यो या आशियाई नटीने तेच पारितोषिक पटकाविले, तेव्हा मर्लची आठवण निघाली ती आशियाई रक्ताची पहिली शिफारसपात्र नटी म्हणून. जे तिने जन्मभर झाकले, त्याच खुणेने आज तिची नोंद होते. दार उघडले की सत्य आपल्या पायांनी आत येते. फक्त सांगणारी तोवर उरत नाही.

मग दोष कोणाचा? आमच्या मते सत्य हे एकट्या बोलणाऱ्याचे व्रत नाही. ऐकणाऱ्याचाही त्यात अर्धा वाटा आहे. मर्लच्या खात्यावर आईचे दासीपण राहीलच, ते आम्ही पुसत नाही. परंतु हॉलिवूडला नावे ठेवण्यापूर्वी आपल्या देवळाच्या पायरीवर क्षणभर थांबावे. देवाच्या सेवेत गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांच्या मुलांना बापाचे नाव विचारून खाली पाहावयास लावणे आपल्या गोमंतकातही घडत आले आहे. संकल्पाच्या वेळी आजही गोत्र विचारले जाते. विचारण्यास हरकत नाही, पण ज्याला ते सांगता येत नाही त्याच्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? सत्यकाम व्हावे असे प्रत्येक आई मुलाला सांगते. गौतम व्हावे असे आपल्यापैकी कोणी कोणाला सांगितले आहे काय?