हिशेब कोणी कोणास द्यावा?

प्रवरेकाठच्या बेलापुरातून मुलगा अथवा मुलगी शिक्षणासाठी पुण्यास निघाली, म्हणजे आईबापांपुढे एक जुनाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो: खर्चाचे पैसे द्यावयाचे, ते कोणत्या रीतीने? पूर्वी महिन्याच्या आरंभी मनीऑर्डर येई. ती संपली की संपली. आज मार्ग पुष्कळ आहेत. स्वतःचे उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्यास स्वतंत्र क्रेडिट कार्ड सहसा मिळत नाही. परंतु वडिलांच्या कार्डास जोडलेले दुसरे कार्ड मिळू शकते. २०२४ साली सुरू झालेल्या ‘यूपीआय सर्कल’मध्ये तर वडिलांच्या खात्यातून मुलास आपल्या फोनवरून पैसे देता येतात. तेथे एक तर महिन्याची मर्यादा एकदाच घालून द्यावी, ती १५,००० रुपयांपर्यंत. नाही तर प्रत्येक खर्चास वडिलांनी संमती द्यावी.

जोडकार्डात उपभोग एकाचा आणि ऋण दुसऱ्याचे, हा दोष उघड आहे. पण पदोपदी संमतीची रीतही निर्दोष नाही. चहाच्या पेल्यासाठीही ज्याला अनुज्ञा मागावी लागते, तो काटकसर शिकत नाही. तो ताबेदारी शिकतो, किंवा लपवाछपवी. तेव्हा ठराविक रक्कम द्यावी, आजारपणाची तरतूद निराळी ठेवावी, आणि महिनाअखेरची ओढाताण मुलास सोसू द्यावी, हेच इष्ट.

तथापि एवढ्याने प्रश्न संपत नाही. आपण मुलाजवळ हिशेब मागतो. आपला हिशेब त्याला दाखवितो काय? बेलापूरच्या पंचक्रोशीतील कित्येक संसार उसावर चालतात. ऊस वर्षा-दीड वर्षाने तुटतो, त्याचे पैसे हप्त्यांनी येतात. खाणावळीचे बिल मात्र दरमहा उभे. मधली खाच कधी उसनवारीने भरते, कधी आईच्या पाटल्या गहाण पडून. हे सारे आपण मायेपोटी मुलापासून झाकून ठेवतो, आणि मग त्याला पैशाची किंमत कळत नाही म्हणून त्यालाच बोल लावतो! जे दाखविलेच नाही, ते त्याला दिसावे कसे?

अशा ज्ञानाने कोवळे मन खचेल, अभ्यासावरून उडेल, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर आपल्याच प्रांतात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने गरिबांची मुले शिकविली. आपली भाकरी कोणत्या श्रमातून येते, हे त्या मुलांपासून कोणी लपविले नव्हते. त्या जाणिवेने ती खचली नाहीत, उभी राहिली.

अठरा वर्षे पुरी झाली की कायदा मुलास सज्ञान मानतो. घरानेही मानावे. वर्षातून एकदा त्याला जवळ बसवून येणे किती, देणे किती, त्याच्या शिक्षणास किती जाते, हे आकड्यांनी सांगावे. त्यानंतर त्याने दिलेला हिशेब ही कैफियत राहणार नाही. संसारातील भागीदाराचा तो जबाब होईल. विश्वास मागणाऱ्याने तो आधी द्यावा, हा न्याय पैशाच्या व्यवहारासही लागू आहे.