स्टेपनीची हवा

नोव्हेंबर २०२५ मध्ये शार्दूल ठाकूर लखनौकडून मुंबई इंडियन्सकडे आला आणि सकाळच्या बोरिवली फास्टमधल्या आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडले. एकाचं म्हणणं, दोन कोटींत म्हणजे फुकटात पडला. दुसऱ्याचं म्हणणं, अकरात जागा कुठे आहे? बाकावर बसवायला दोन कोटी? कांदिवलीपासून जोगेश्वरीपर्यंत हे चाललं. शेवटी खिडकीतल्या काकांनी पेपरमधून डोकं वर न काढता निकाल दिला, "अरे, स्टेपनी आहे ती. लागली तर लागली." सगळे हसले, मी अंधेरीला उतरलो. तो शब्द मात्र माझ्याबरोबरच उतरला.

काकांचा हिशेब तसा चुकीचा नव्हता. आयपीएलच्या संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू ठेवता येतात. मैदानात उतरतात अकरा आणि एक इम्पॅक्ट प्लेअर. म्हणजे भरलेल्या संघातले तेरा जण दर सामन्याला नुसते तयार असतात. लिलावाआधीच्या महिन्यात संघ आपसात जी देवघेव करतात, तिच्यात बरीचशी वर्दळ या तेरांचीच असते. खेळाडूची संमती घ्यायची, त्याचं ठरलेलं मानधन नव्या संघाच्या थैलीतून वजा करायचं, की व्यवहार पुरा. शार्दूल आला त्याच सुमाराला अर्जुन तेंडुलकर तीस लाखांत लखनौला गेला. दोघांचे आकडे छापून आले. ते आकडे नेमके कशाचे, हे काही कोणी छापलं नाही.

माझ्या मते राखीव खेळाडूची किंमत त्याच्या खेळाची नसतेच. ती पुढच्या माणसाच्या गुडघ्याची असते. टायर नवे असतील तर स्टेपनीकडे कोण बघतो? तेच टायर झिजलेले असले आणि रात्री घाट उतरायचा असला, की तिचा भाव चढतो.

अमेरिकेत हा बाजार अगदी उघडा चालतो. तिथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हाती घेऊन सगळी चाल रचणारा गडी. तो एका वेळी एकच खेळतो, त्यामुळे दुसऱ्या नंबरच्या माणसाला वर्षानुवर्षं संधी मिळत नाही. दर वर्षी महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या मुलांची पाळीपाळीने निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात, आणि तिच्याआधी याच दुसऱ्या नंबरवाल्यांचे सौदे रंगतात. १९९२ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने अटलांटाच्या बाकावरचा ब्रेट फार्व घेतला आणि बदल्यात ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतली आपली निवड देऊन टाकली. अटलांटासाठी फार्वने तोवर चार पास फेकले होते. आपल्या माणसाच्या हाती एकही पडला नव्हता, दोन तर प्रतिस्पर्ध्यांनी झेलले होते. पुढे हाच फार्व लागोपाठ तीन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मला खरी मौज वाटते ती पुढची. फार्व बाजूला व्हायलाच तयार नव्हता. नियमित हंगामातले लागोपाठ २९७ सामने तो सुरुवातीपासून खेळला. त्याच्यामागे बसून मार्क ब्रुनेल आणि मॅट हॅसलबेक वाट पाहत राहिले, आणि वाट पाहता पाहताच दुसऱ्या संघांना विकले गेले. हॅसलबेकने तर नंतर सिअॅटलला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. पुढचा टायर कधी पंक्चर झालाच नाही आणि मागच्या स्टेपन्या मात्र चांगल्या भावाने गेल्या. न पाहिलेल्या माणसाला असाही भाव येतो, कारण तो अजून नापास झालेला नसतो.

आपल्याकडे मात्र न पाहिलेला माणूस बहुधा स्वस्तात जातो. सिद्धेश लाड २०१५ पासून मुंबई इंडियन्सच्या संघात होता आणि सामना मिळत नव्हता. १० एप्रिल २०१९ ला वानखेडेवर रोहित शर्मा दुखापतीमुळे बसला आणि सिद्धेश सलामीला उतरला. पहिल्याच चेंडूवर त्याने षटकार मारला. पंधरा धावा करून तो बाद झाला. पोलार्डने ३१ चेंडूंत ८३ तडकावून सामना जिंकून दिला आणि ती रात्र पोलार्डची झाली. पुढच्या सामन्यात रोहित परतला. वर्षअखेरीला देवघेवीत सिद्धेश कोलकात्याकडे गेला आणि तिथे त्याला एकही सामना मिळाला नाही. चार हंगामांची वाट आणि एक डाव, एवढ्यावर बाजाराने त्याचा हिशेब मिटवला.

ज्या रोहितच्या जागी तो उतरला, तो बोरिवलीत सिद्धेशच्याच वडिलांच्या, दिनेश लाड सरांच्या हाताखाली घडलेला. सरांनी एका शालेय सामन्यात पालघरचा एक मुलगाही हेरला होता. त्याने बोरिवलीच्या शाळेत यावं म्हणून त्यांनी त्याला आपल्या घरीच ठेवून घेतलं. तो शार्दूल. एका घरात वर्षभर एका ताटात जेवलेली ही दोन समवयस्क मुलं. पुढे दोघांच्या वाट्याला राखीव बाक आला, पण बाजाराने दोघांना वेगवेगळं मोजलं.

शार्दूलची आयपीएलमध्ये तीनदा देवघेव झाली आहे. २०१७ मध्ये पंजाबकडून पुण्याकडे, २०२२ मध्ये दिल्लीकडून कोलकात्याकडे आणि ही तिसरी. नोव्हेंबर २०२४ च्या जेद्दाच्या लिलावात तर दोन कोटींच्या मूळ किमतीलाही कोणी हात वर केला नाही. चार महिन्यांनी लखनौचा मोहसीन खान जायबंदी झाला आणि त्याच दोन कोटींत शार्दूलला बोलावणं आलं. दुसऱ्याच सामन्यात हैदराबादेत त्याने ३४ धावांत चार बळी घेतले. माणूस तोच आणि रक्कमही तीच. बदलला होता तो दुसऱ्या कोणाचा तरी स्नायू.

इथवर काका बरोबर. पण स्टेपनीची उपमा एका जागी मोडते. स्टेपनी डिकीत नुसती पडून असते, तिला काही करावं लागत नाही. माणसाला पडून राहता येत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादच्या कसोटी पदार्पणात शार्दूल दहा चेंडू टाकून लंगडत बाहेर गेला. पुढची कसोटी थेट जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला, तीही बुमरा, शमी, अश्विन, जडेजा एकामागून एक जायबंदी झाले म्हणून. ६ बाद १८६ वरून त्याने आणि वॉशिंग्टन सुंदरने १२३ धावा जोडल्या. त्याच्या ६७ धावा आणि सामन्यात सात बळी. आपण त्याला नशीब म्हणतो. संधी नशिबाने मिळाली, हे खरं. पण मधली सव्वादोन वर्षं अंगातली हवा कोणी टिकवली? ते काम धावफलकावर दिसत नाही.

मराठी रंगभूमीवाले अशा बदली माणसाला रिप्लेसमेंट म्हणतात. बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात किंवा मुलुंडच्या कालिदासला दाराशी फलक लागतो, अमुक नटाऐवजी आज तमुक. प्रेक्षक कुरकुरत आत जातात. ज्याने विंगेत उभं राहून दुसऱ्याची वाक्यं पाठ केली, त्याला पहिली पंधरा मिनिटं ती कुरकुर पुसण्यातच घालवावी लागतात.

यावर ग्रुपमधला आक्षेप मला पाठ आहे. "बसायचे पैसे घेतो ना?" घेतो, आणि आपल्यापैकी कोणापेक्षाही जास्त घेतो. त्याची कीव करावी असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं भाव करणाऱ्याच्या फायद्याचं आहे. पुढचा माणूस किती टिकेल, एवढाच प्रश्न विचारून मागच्याची बोली लावणारा स्वतःच्या भीतीची किंमत मोजतो. हा माणूस न खेळता कसा राहतो, हा दुसरा प्रश्न त्याने विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर चार षटकारांच्या चित्रफितीत सापडत नाही.

ते कुठे सापडतं? नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई आपला पाचशेवा रणजी सामना वानखेडेवर बडोद्याविरुद्ध खेळत होती आणि डावाने हरायच्या बेताला आली होती. शेवटच्या दिवशी एकाने २३८ चेंडू खेळून नाबाद ७१ धावा केल्या आणि सामना अनिर्णित राखला. तो सिद्धेश लाड. त्या वेळी आयपीएलच्या बाकावर त्याचे तीन हंगाम झाले होते. वीस षटकांच्या बाजारात २३८ चेंडू थांबण्याला काडीची किंमत नाही. पण थांबूनही न गंजण्याचा याहून पक्का दाखला मला माहीत नाही.

परवा बोरिवली स्टेशनबाहेर रिक्षात बसलो. चालक आधी मागे गेला, स्टेपनीवर अंगठा दाबून पाहिला आणि मग मीटर टाकला. मी विचारलं, "पंक्चर आहे का?" तो म्हणाला, "नाही हो. नसतानाच बघायची असते."