दाखल्याचा अर्ज

कार्यकर्ता : ताई, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेतली, मनाने खचलेल्यांना आधार द्यायची पद्धत तशी सोपी आहे. अडचणींची यादी करायची, सुटण्यासारख्या वेगळ्या काढायच्या, त्यातली एक धरायची. सुचतील तेवढे उपाय मांडायचे, आठवड्याभरात जमेल असं एक काम ठरवायचं, पुढच्या भेटीत काय झालं ते बघायचं.

ताई : मग अडलंय कुठे?

कार्यकर्ता : इर्शाळवाडी आठवा. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा 57 माणसं बेपत्ताच होती. समजा, अशाच एखाद्या वाडीतली बाई. नवरा सापडलेला नाही. यादीत ‘ते परत यावेत’ आहे आणि सरकारी मदतही आहे. पहिली न सुटणारी, दुसरी सुटणारी. पण मदतीला मृत्यूचा दाखला लागतो. म्हणजे सुटणारी सोडवायची, तर तो गेला यावर तिनेच अंगठा उठवायचा.

ताई : ती स्वतः काय म्हणते?

कार्यकर्ता : समजा म्हणाली, आधी शेळ्यांना आडोसा हवा.

ताई : मग आडोसा. दरड आली तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं. आता बांबू कुठून आणायचे, ताडपत्री कोणाकडे मागायची, दिराला बोलवायचं की नाही, हे तिने ठरवायचं. शेड वाकडी झाली तरी चालेल. तू बांधून दिलीस तर शेळ्या वाचतील, पण तिचा स्वतःवरचा भरवसा होता तिथेच राहील.

कार्यकर्ता : आणि अर्जाची मुदत टळली तर?

ताई : ती लपवायची नाही. तारीख सांग, अर्ज नाही केला तर काय होईल तेही सांग. गप्प बसून तिचा मान राखला, असं स्वतःला समजावू नकोस.

कार्यकर्ता : सांगणं म्हणजे थोडं ढकलणंच झालं.

ताई : झालंच. तेवढा दोष घ्यायचा. फक्त घाई नको. झिंबाब्वेत, हरारेला, मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांदांनी शिकवलेल्या आज्या बाकावर बसून हेच काम करतात, पण आधी माणसाला मन मोकळं करू देतात. आपल्याकडे प्रशिक्षण शिबिरातून आलेली मुलं पहिल्या दहा मिनिटांत यादीचा कागद काढतात.

कार्यकर्ता : आणि जीव द्यायचं बोलू लागली तर?

ताई : यादी बाजूला. तिला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. हे पद्धतीच्या आवाक्यातलं नाही.

कार्यकर्ता : मग ‘ते परत यावेत’ ही ओळ खोडायची?

ताई : तू कोण खोडणारा? दाखला घेतलेली माणसंही वाट बघतात. त्या ओळीपुढे उपाय लिहू नकोस. तहसीलला जायचं ठरवलंच, तर सोबत कोण, एवढं विचार.

कार्यकर्ता : मी जाईन की.

ताई : आधी नणंद, शेजारीण, कोणी आहे का बघ. तुझ्या भेटी पाचच आहेत.