ऋतुचर्या आणि ऋतूंचे ऋण

भारतीय परंपरेने काळ केवळ मोजला नाही. काळाशी जुळवून घेणे हा तिने आचारधर्म मानला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात वर्षाचे दोन भाग सांगितले आहेत. सूर्य उत्तरेकडे सरकत असताना, म्हणजे शिशिर, वसंत व ग्रीष्म या ऋतूंत, तो प्राणिमात्रांचे बळ हरण करतो; हा आदानकाल होय. वर्षा, शरद व हेमंत हा विसर्गकाल. यात ते बळ हळूहळू परत मिळते. ग्रीष्माच्या अखेरीस व पावसाच्या आरंभी देह सर्वांत दुबळा असतो, तर हेमंत-शिशिरात सर्वांत सबळ. गुढीपाडव्याचा कडुनिंब, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, दिवाळीचे अभ्यंगस्नान यांमागील दृष्टी हीच असून ती भाविकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

योगशास्त्रातही हाच विवेक आढळतो. घेरंडसंहितेच्या पाचव्या उपदेशात योगाभ्यासाचा आरंभ वसंतात अथवा शरदात करावा, अन्य ऋतूंत करू नये, असे सांगितले आहे. उन्हाळ्यात शीतली, थंडीत सूर्यभेदन ही प्राणायामाची योजनाही ऋतूला धरूनच आहे. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून साजरा होतो. हा दिवस नेमका ग्रीष्म आणि वर्षा यांच्या सांध्यावर येतो. त्या दिवशी उत्साहाच्या भरात प्रथमच आसने घालणाऱ्याने हा संकेत ध्यानी ठेवून बेताने घ्यावे, इतकेच.

वनौषधींमध्ये ऋतूशी सर्वाधिक एकरूप झालेले फळ म्हणजे हिरडा. भावमिश्रांच्या भावप्रकाशात वर्षभर हिरडा घेण्याचा क्रम आहे : वर्षा ऋतूत सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर आणि ग्रीष्मात गुळाबरोबर. फळ एकच, सोबती सहा. अर्थात हा क्रम सर्वांसाठी नाही. वाटचालीने थकलेला, उपवासाने क्षीण झालेला, कृश मनुष्य तसेच गर्भवती यांना हिरडा वर्ज्य सांगितला आहे. अनवाणी, निराहार चालत आलेला यात्रेकरू या निषेधात तंतोतंत बसतो. आणि पुष्कळदा औषधींच्या पुड्या विकत घेऊन तेथल्या तेथे तोंडात टाकणाराही तोच असतो!

येथवरचा विचार आरोग्याचा झाला. परंतु हिरड्यामागे एक नैतिक प्रश्नही उभा आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या परिसरातील आंबेगाव व जुन्नर तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी समाजाची कुटुंबे पिढ्यान् पिढ्या हिरडा गोळा करीत आली आहेत. बाळहिरडा म्हणजे आठी न धरलेले कोवळे फळ. ते पावसापूर्वीच्या कडक उन्हात गोळा करावे लागते, आणि सुकविण्यासाठीही तेच ऊन हवे असते. शास्त्र सांगते की ग्रीष्मात श्रम टाळावेत, उन्हात जाऊ नये, मध्याह्नी थंड जागी विसावा घ्यावा. हिरडा वेचणाऱ्या कुटुंबाला यांतील एकही नियम पाळता येत नाही. ज्या महिन्यात देह सर्वांत दुबळा, त्याच महिन्यात त्यांचे कष्ट सर्वाधिक. शहरातील एका घरची ऋतुचर्या अशा प्रकारे डोंगरातील दुसऱ्या घरच्या ऋतुचर्येच्या भंगावर उभी राहते. मग ती खरोखर ऋतुचर्या म्हणावी काय?

यावर सरळ उत्तर असे दिले जाते की मोल दिले, व्यवहार पुरा झाला. शिवाय या संग्रहावरच त्या कुटुंबांची मीठमिरची चालते, मग हिरडा घेणे हे पुण्यच नव्हे काय? या उत्तरात तथ्य आहे. मागणी थांबली तर त्या घरांचे भले होणार नाही. मात्र मोलाने फळ विकत येते, ऋतू विकत येत नाही. ऋतू सर्वांचा सामाईक आहे. एकाने सावली घेतली की दुसऱ्याच्या वाट्याला ऊन येते, ही जाणीव पैशाने फिटत नाही. वस्तू स्वस्त पडावी म्हणून घासाघीस करताना तर ती मुळीच आठवत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात, या सामाईकपणाचे चित्र आले आहे. पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ, ग्रीष्माच्या शेवटच्या महिन्यात, भगवान पुनर्वसु आत्रेय गंगातीरावरील वनातून शिष्यांसह फिरत आहेत. ऋतूंची लक्षणे बिघडलेली त्यांना दिसतात. ते अग्निवेशाला सांगतात की भूमीचा रस जाण्यापूर्वीच औषधी काढून ठेवा. ऋतू का बिघडतात, असे शिष्य विचारतो. आत्रेय ग्रहताऱ्यांवर थांबत नाहीत. वायू, जल, देश आणि काळ यांच्या बिघाडाचे मूळ ते अधर्मात व त्याचेही मूळ प्रज्ञापराधात, म्हणजे बुद्धीच्या चुकीत, दाखवितात. अधर्माचा आरंभ राज्य व नगरे चालविणाऱ्यांपासून होतो आणि परिणाम मात्र सर्वांना भोगावा लागतो, हेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. अवकाळी पावसाच्या आजच्या दिवसांत हा अध्याय वाचताना तो जुना वाटत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले व घाट ओलांडून आले. आंबेगाव-जुन्नरच्या हिरड्याचे त्यात मोठे नुकसान झाले आणि भरपाईसाठी तेथील आदिवासींना पुढे वर्षानुवर्षे मागणी करावी लागली. आत्रेयांनी सांगितलेला ग्रीष्माचा अखेरचा महिनाच तो. ज्यांनी ऋतू बिघडविण्यात काडीचाही वाटा उचलला नव्हता, त्यांच्या हातचे वर्षाचे उत्पन्न गेले.

लोकपरंपरेत एक दिवस असा आहे की ज्या दिवशी हा हिशेब आठवतो. भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीस, बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही असा नेम आहे. त्या दिवशी घरोघरी परसातील अळू, भेंडी, भोपळा, लाल माठ यांची मिश्र भाजी होते. नांगरलेल्या शेतातले धान्य पानात नसते. ऋतूतील भाज्या पोटात जातातच, पण अन्नामागे कोण राबले हे वर्षातून एकदा तरी पानावर बसताना मनात येते. बैलाविषयी जे सुचले ते हिरडा वेचणाऱ्या माणसाविषयी सुचायला हवे होते. तसा नेम कोणत्याही व्रतात सापडत नाही.

भीमाशंकरचे वन १९८५ पासून अभयारण्य आहे. तेथील झाडाचे पान अथवा फांदी यात्रेकरूंनी तोडू नये. हिरडा हवा असल्यास स्थानिक वेचणाऱ्यांकडून, ते सांगतील त्या भावाने घ्यावा, आणि वाटचालीचा थकवा उतरून नेहमीचा आहार सुरू झाल्यावर, वैद्यांना विचारून, त्या ऋतूच्या अनुपानाबरोबर सेवन करावा. श्रावणी सोमवारी आलेल्यांसाठी ते अनुपान सैंधवाचे आहे.