साडेतीन तासांचा हिशेब

वह्या मिटा. मोबाइल पिशवीत टाका. आज पुढचा धडा होणार नाही. चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासून आणल्या आहेत, पण त्या हातात पडायच्या आधी तुम्हाला माझं ऐकावं लागेल.

प्रश्न साधा होता. अमेरिकेतल्या यूपीएस या पार्सल पोहोचवणाऱ्या कंपनीशी टीमस्टर्स या युनियनने २०२३ मध्ये करार केला. त्यातून अर्धवेळ गोदाम कामगारांना न्याय्य वेतन मिळालं का, कारणांसह लिहा. दहा गुण. करारातले आकडे मी महिनाभर आधी फळ्यावर लिहून दिले होते. तरी निम्म्याहून जास्त जणांनी काय लिहिलं? 'कंपनीत बलाढ्य युनियन असल्यामुळे वेतन न्याय्य आहे.' पुढे पान कोरं. उरलेल्या बहुतेकांनी लिहिलं, 'काम अर्धवेळ असल्यामुळे वेतन कमी असणे स्वाभाविक आहे.'

हे दुसरं वाक्य वाचून मी लाल पेन खाली ठेवलं. जूनमध्ये पाऊस येतो, ते स्वाभाविक. मजुरीचा दर आभाळातून पडत नाही. तो टेबलाभोवती बसलेली माणसं ठरवतात आणि त्याखाली सही करतात. यूपीएसमध्ये ही सही कधी झाली तेही मी शिकवलंय. १९८२ साली. त्याआधी अर्धवेळ आणि पूर्णवेळ कामगारांच्या ताशी दरात फार तफावत नव्हती. त्या वर्षी कंपनी आणि युनियन, दोघांनी मिळून ठरवलं की यापुढे कामाला लागणाऱ्या अर्धवेळ कामगाराला तासाला ८ डॉलर. पूर्णवेळवाल्यांचा दर करारागणिक चढत गेला. हे ८ डॉलर मात्र १९९७ पर्यंत जागचे हलले नाहीत. पंधरा वर्षं! तेवढ्या काळात तिथल्या किमती दीडपटीच्या वर गेल्या. पाकिटावरचा आकडा तोच, आणि त्या पाकिटात बसणारं धान्य, भाडं, औषधपाणी दर वर्षी थोडं थोडं कमी. याला तुम्ही स्वाभाविक म्हणता?

'अर्धवेळ' हा शब्द तासांची संख्या सांगतो. त्या तासात उचललेल्या ओझ्याबद्दल तो काही सांगत नाही. पहाटेची पाळी डोळ्यांपुढे आणा, तिला तिथे 'प्रीलोड' म्हणतात. गाव झोपलेलं असताना ट्रेलर येऊन लागतात. एक जण आत शिरून खोकी उतरवतो आणि सरकत्या पट्ट्यावर टाकतो. पुढे कुणी पत्ते बघून ती वेगळी करतो. शेवटी उभा असलेला कामगार एकट्याने तीन-तीन, चार-चार तपकिरी गाड्या भरतो, खोकं नेमक्या फळीवर, नेमक्या क्रमाने. सकाळी ड्रायव्हर येतो तेव्हा गाडी भरून तयार असते. ती भरलेली नसेल, तर त्या ड्रायव्हरचा दिवस सुरूच होत नाही. कंपनी एक खोकं १५० पौंडांपर्यंत स्वीकारते, म्हणजे ६८ किलो. या वर्गातल्या कितीतरी जणांचं वजन एवढं भरणार नाही. उन्हाळ्यात ट्रेलरचा पत्रा तापतो, आत वारा नाही, आणि पट्टा थांबत नाही. अर्धवेळ कामगार म्हणून तो खोकं अर्धंच उचलतो का? त्याचा तास तीस मिनिटांचा असतो का? मग पूर्णवेळवाल्याच्या तासापेक्षा त्याचा तास स्वस्त का, याचं कारण मला हवं होतं. तुम्ही कारणाच्या जागी नोकरीचं नाव लिहून मोकळे झालात.

आणि तुम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी! तुमच्यातल्या फक्त चौघांनी गुणाकार केला. त्यातल्या दोघांचा चुकला, तरी त्यांना तुमच्याहून जास्त गुण दिलेत, कारण कुठे बघायचं ते त्यांना कळलं. आता माझ्याबरोबर करा. करारात अर्धवेळ कामगाराला दिवसाला साडेतीन तासांची हमी आहे. आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे साडेसतरा तास. आधीच्या करारात २०२२ साली नव्या अर्धवेळ कामगाराचा दर होता १५.५० डॉलर. आठवड्याचे झाले २७१.२५. बावन्न आठवड्यांचे १४,१०५. आता शेजारी हा आकडा मांडा : २०२३ साली अमेरिकी सरकारने एकट्या माणसासाठी ठरवलेली दारिद्र्यरेषा १४,५८० डॉलर. वर्षभर एकही खाडा न करता पहाटे उठलेला माणूस हमीच्या तासांवर रेषेच्या खाली.

जास्तीचे तास मिळतात, असं कुणी म्हणेल. मिळतात, नाताळाच्या हंगामात तर बरेच मिळतात. काही शहरांत माणसं मिळेनात म्हणून कंपनी ठरलेल्या दरापेक्षा वरचा दरही देत होती. पण तो वरचा दर करारात नव्हता, कंपनीच्या मनात आलं की तो खाली यायचा, आणि काही ठिकाणी तसा आलाही. जे मालक उद्या काढून घेऊ शकतो ते वेतनात धरू नका. हमी तेवढी धरा. भाडं बारा महिने द्यावं लागतं.

२०२३ चा करार काय देऊन गेला? किमान दर एका उडीत २१ डॉलर. तोच गुणाकार केला तर आठवड्याला ३६७.५०, वर्षाला १९,११०. ही वाढ खरी आहे आणि मोठी आहे. ती कंपनीने आपणहून दिलेली नाही. जूनमध्ये ९७ टक्के मतांनी संपाचा अधिकार दिला गेला, जुलैच्या सुरुवातीला बोलणी मोडली, कामगार गोदामांच्या दारात फलक घेऊन संपाचा सराव करत उभे राहिले, आणि ३१ जुलैला जुना करार संपायच्या सहा दिवस आधी कंपनी वाकली. ऑगस्टमध्ये ८६.३ टक्के मतांनी करार मंजूर झाला. हे सगळं मान्य करा, आणि मग दुसरा आकडा बघा. त्याच वर्षी दोन माणसांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा होती १९,७२० डॉलर. एक आई आणि तिचं एक मूल, हमीच्या तासांवर, या ऐतिहासिक करारानंतरही रेषेच्या खालीच. २०२२ मध्ये त्या कंपनीची उलाढाल १०० अब्ज डॉलरच्या वर होती आणि कामकाजातून झालेला नफा १३ अब्जांच्या वर. पैसा नव्हता म्हणून हे झालं, असं मला सांगू नका.

अर्धवेळ कामगारालाही आरोग्यविमा मिळतो, निवृत्तिवेतन मिळतं. अमेरिकेत विम्याशिवाय आजारी पडणं म्हणजे कर्जात बुडणं, त्यामुळे कित्येक जण त्या विम्यासाठीच ही नोकरी धरून राहतात. करार न्याय्य आहे असं लिहायचंच होतं, तर हा मुद्दा मांडायचा होता. मी गुण दिले असते. एकानेही मांडला नाही.

त्याऐवजी काय लिहिलं? 'यूपीएसच्या कामगारांना वर्षाला १ लाख ७० हजार डॉलर मिळतात.' मथळा वाचला आणि उतरवला. तो आकडा कंपनीच्या प्रमुख कॅरोल टोमे यांनी सांगितलेला आहे. तो पूर्णवेळ ड्रायव्हरचा आहे, पाच वर्षांच्या कराराच्या अखेरचा आहे, आणि त्यात पगाराबरोबर विमा आणि निवृत्तिवेतनाचा खर्च मिळवलेला आहे. अर्धवेळवाल्यांबद्दलही त्या त्याच वेळी बोलल्या होत्या : सध्या कामावर असलेल्यांना कराराच्या अखेरीस तासाला किमान २५.७५ डॉलर. पहिला आकडा जगभर गाजला, दुसरा तुमच्यापर्यंत पोचला नाही. कंपनीच्या युनियनमधल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक अर्धवेळ आहेत. एवढ्या माणसांचं वेतन तुम्ही दुसऱ्याच्या आकड्याखाली झाकून टाकलंत.

आता युनियनकडे वळते, कारण तुमचा आळस तिथे सर्वांत उघडा पडतो. युनियन आहे म्हणजे न्याय आहे, हे कुणी शिकवलं तुम्हाला? मी तर नाही. १९८२ च्या ८ डॉलरवर युनियनची सही होती. २०१८ चा करार ५४ टक्के मतदारांनी फेटाळला होता. तरी जेम्स होफा यांच्या नेतृत्वाने तो लागू केला, कारण मतदान निम्म्याहून कमी झालं होतं आणि तेव्हाच्या नियमानुसार अशा वेळी नकारासाठी दोन तृतीयांश मतं लागत. तो नियम नंतर सभासदांनीच २०२१ च्या अधिवेशनात काढून टाकला, आणि त्याच वर्षी शॉन ओ'ब्रायन यांना अध्यक्षपदी निवडून दिलं. युनियन हे सभासदांच्या हातातलं हत्यार आहे. ते कुणाच्या हातात आहे आणि कुणासाठी चालवलं जातंय, हे दर वेळी बघावं लागतं.

ते योग्य रीतीने चाललं की काय होतं, तेही मी दोन तास घालून शिकवलं होतं. ऑगस्ट १९९७. रॉन केरी अध्यक्ष, स्वतः पूर्वी यूपीएसचे ड्रायव्हर. १ लाख ८५ हजार कामगार पंधरा दिवस संपावर. त्या संपाची मुख्य मागणी अर्धवेळवाल्यांची होती : आमच्या अर्ध्या-अर्ध्या नोकऱ्या जोडून पूर्ण नोकऱ्या करा. आणि रस्त्यावर कोण उतरलं? ज्यांना चांगला पगार होता ते ड्रायव्हरसुद्धा उतरले. ओळखीच्या ड्रायव्हरला लोकांनी साथ दिली. पार्सलं अडली तरी जनमत कामगारांच्या बाजूने राहिलं. १० हजार नव्या पूर्णवेळ नोकऱ्यांचं वचन मिळालं. नंतर कंपनीने माल कमी झाल्याचं कारण पुढे करून त्यात टाळाटाळ केली आणि युनियनला लवादाकडे जावं लागलं, पण हक्क कागदावर आला होता. आणि सुरुवातीचा दर? पंधरा वर्षांनी वाढला तो ५० सेंटने. संप जिंकूनसुद्धा ८ चे साडेआठ. हा आकडा तुमच्या वहीत आहे. मी स्वतः त्याखाली रेघ मारायला सांगितली होती.

२०२३ मध्येही युनियनने एक दुही मिटवली आणि दुसरी ठेवून दिली. ड्रायव्हरांमधला कमी पगाराचा वेगळा वर्ग रद्द झाला, ते चांगलं झालं. पण १ ऑगस्ट २०२३ नंतर लागलेला अर्धवेळ कामगार २१ वरून सुरू होऊन २३ डॉलरपर्यंतच चढतो. त्याच पट्ट्यावर, त्याच खोक्यांसाठी, आधीपासून असलेल्याला २०२८ पर्यंत किमान २५.७५. जुन्यांचंही समाधान झालं नाही. पंधरा वर्षं ट्रेलर उतरवलेल्या माणसाला ज्येष्ठतेपोटी जादा मिळाला तो तासाला दीड डॉलर. अनेकांची मागणी २५ डॉलरपासून सुरुवात व्हावी ही होती. म्हणून माझं उत्तर असं : २०२३ चा करार ही मोठी वाढ आहे, ते न्याय्य वेतन नाही. असं ठाम लिहायला तुम्ही का घाबरता?

'पगार वाढवला म्हणून नोकऱ्या गेल्या', असंही एका हुशार मुलीने लिहिलंय. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने २० हजार नोकऱ्या कमी करण्याची आणि ७३ इमारती बंद करण्याची घोषणा केली, हे खरं आहे. पण ॲमेझॉनचं काम निम्म्याहून कमी करायचं, हा निर्णय कंपनीने स्वतः घेतला होता. शिवाय यंत्रं येत आहेत. तुझ्या उत्तरात यातलं काहीच नाही, फक्त पगार आहे. तीन कारणांतलं मजुराच्या अंगावर ढकलता येईल तेवढंच तू उचललंस. हुशारी अशी वापरू नकोस.

आणि तू, शेवटच्या बाकावरचा. उठू नकोस, बसूनच ऐक, रात्रभर उभा होतास. भिवंडीच्या गोदामात रात्री माल चढवून तू सकाळी सातच्या वर्गाला येतोस, हे मला ठाऊक आहे. तुझ्या हातांवरच्या पट्ट्यांच्या खुणा मला दिसतात. म्हणून तुझी उत्तरपत्रिका मी दोनदा वाचली. तूही लिहिलंस, 'स्वाभाविक आहे.' बाकीच्यांनी न बघता लिहिलं, तू बघून लिहिलंस. ठेकेदार रोज जे ऐकवतो तेच तू परीक्षेत उतरवलंस. या राज्यात अण्णासाहेब पाटलांनी पाठीवर पोती वाहणाऱ्यांना एकत्र केलं. १९६९ साली माथाडी कायदा झाला. आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर काम करणाऱ्या हमालाची मजुरी मंडळात जमा व्हावी, त्याला भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस मिळावा, ही सोय त्या कायद्याने केली. दिवसभर एकच मालक नाही म्हणून माणूस अर्धा ठरत नाही, हे इथे पन्नास वर्षांपूर्वी कायद्यात लिहिलं गेलं. ते तुला माहीत नसेल तर चूक माझीही आहे, आणि ती मी या आठवड्यात दुरुस्त करीन. पण स्वतःच्या घामाचा दर स्वतःच्या हाताने खाली लिहायचा नाही.

उत्तरपत्रिका घ्या. सोमवारी सगळ्यांनी हेच उत्तर पुन्हा लिहून आणायचं. ताशी दर, हमीचे तास, आठवड्याची रक्कम, आणि त्यात एका घराचं काय काय भागतं. 'स्वाभाविक' हा शब्द जिथे लिहाल, तिथे त्या दरावर कोणी आणि कोणत्या साली सही केली, ते शेजारी लिहायचं.