बाहुक वाचताना : दुखणं देवाला सांगायचं की लपवायचं?



आज मंगळवार, म्हणून चिंतनाला ‘हनुमान बाहुक’ घेतलंय. चालिसा आपल्यातल्या बहुतेकांना पाठ असते. लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकणारेही पुष्कळ आहेत. पण त्याच तुलसीदासांचं हे ४४ पदांचं स्तोत्र आपल्याकडे फारसं कुणी वाचत नाही. समर्थांचं मारुतीस्तोत्र लहानपणापासून तोंडात बसलेलं असतं, त्यामुळे दुसरीकडे जायची वेळच येत नसावी. ‘बाहुक’ हे नाव बाहूवरून, म्हणजे हातावरून आलंय. परंपरा असं सांगते की उतारवयात, काशीत असताना, तुलसीदासांचा हात असह्य दुखायला लागला आणि त्या दुखण्यातच हे स्तोत्र रचलं गेलं.

हे आजच घ्यायचं कारण म्हणजे एका मैत्रिणीचा प्रश्न. वय २९, दिवसभर लॅपटॉपसमोर काम, तीन वर्षांपासून कंबर दुखतेय. तिने विचारलं, “रोज जप करते, उपास करते, तरी दुखणं जात नाही. माझी श्रद्धाच कमी पडतेय का गं?” एका सत्संगात कुणीतरी तिला सांगितलं होतं की हे मागच्या जन्मीचे भोग आहेत, मुकाट्याने सोसायचे. तेव्हापासून ती घरातही दुखण्याबद्दल बोलत नाही. माझी स्वतःची मान आणि उजवा खांदा चार वर्षं दुखतोय, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नव्हता. पण तिचं ते गप्प होणं मला फार लागलं.

आता बाहुक उघडून बघा. सुरुवातीला मारुतीरायाच्या पराक्रमाचं वर्णन आहे, अगदी जोरकस. मग हळूहळू हाताची वेदना आत शिरते आणि पुढे सगळं स्तोत्र व्यापून टाकते. तुलसीदास काहीही लपवत नाहीत. औषधं घेतली, यंत्र-मंत्र-टोटके केले, देवांची मनधरणी केली, सगळं फुकट गेलं, असं ते उघड सांगतात. दुखणं सांगवत नाही आणि सोसवत नाही, असंही म्हणतात. हे माझ्या पापाने आलं, की त्रितापाने, की कुणाच्या शापाने, असा प्रश्नही ते विचारतात.

मला सगळ्यात थांबवतं ते पुढचं. ३५व्या पदात ते म्हणतात की रोगांनी मला गिळलंच होतं, पण केसरीनंदनाने वाचवलं. वाटतं, झालं, संपलं. आणि लगेच ३६व्या पदात पुन्हा हाताच्या वेदनेची आर्त हाक! तिथे ते रामरायाला म्हणतात, ही पीडा घालव, मग मी लुळापांगळा होऊन तुझ्या दारात पडून राहीन, चालेल. दोनच पदं पुढे गेलं की पाय, पोट, हात, तोंड, सगळंच दुखतंय. ज्यांचं दुखणं जुनं आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. दोन आठवडे बरे जातात, आपण घरच्यांना सांगतो की आता उतार आहे, आणि तिसऱ्या सोमवारी सकाळी मान वळत नाही.

शेवटच्या पदातही ‘मी बरा झालो’ असं कुठे येत नाही. हनुमान, राम, शंकर या तिघांना ते विचारतात की तुमच्याने काय होणार नाही? होणार नसेल तर तसं मला समजावून सांगा, मग पेरलं तेच कापतोय असं समजून मीही गप्प बसेन. इथे कुणी म्हणेल, बघा, कर्माचं फळ आलंच की. आलं ना. पण ४४ पदं भांडून झाल्यावर, स्वतःबद्दल आणि देवासमोर आलं. दुसऱ्याच्या दुखऱ्या कमरेकडे बोट दाखवून हेच वाक्य बोलणं म्हणजे निव्वळ निर्दयपणा आहे. ज्यांनी रामचरितमानस लिहिलं त्यांचं दुखणं जर श्रद्धा कमी असल्याचा पुरावा ठरत असेल, तर मग पुरेशी श्रद्धा आहे तरी कुणाकडे?

थोडं शरीराबद्दलही बोलू, कारण इथे खूप गोंधळ असतो. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा येणाऱ्या दुखण्याला डॉक्टर क्रॉनिक पेन म्हणतात. ताजी जखम दुखते तेव्हा ती सूचना असते : जपा, हात लावू नका. पण काही वेळा जखम भरते आणि सूचना मात्र चालूच राहते. मज्जासंस्था इतकी सावध होते की साधा स्पर्श, साधी हालचालही तिला धोका वाटू लागते. झोप कमी झाली, काळजी वाढली की हा आवाज आणखी मोठा होतो. याचा अर्थ दुखणं मनाचे खेळ आहे असा अजिबात नाही. दुखणं पूर्ण खरं असतं, फक्त ते दरवेळी नवीन इजा झाल्याची खूण नसतं.

एमआरआयच्या रिपोर्टचंही तसंच. २०१५ साली आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून ३११० लोकांचे पाठीचे स्कॅन तपासले गेले. या लोकांना पाठदुखी नव्हती. तरी विशीतल्या सुमारे ३७ टक्के लोकांमध्ये मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीच्या आसपास हे प्रमाण ९६ टक्क्यांवर गेलं. म्हणजे रिपोर्टवर ‘डिजनरेशन’ शब्द दिसला म्हणून कंबर कायमची गेली असं धरून बसायचं कारण नाही. (माझ्या रिपोर्टवरही तो शब्द आहे. आईने तो वाचून मला भाजीची पिशवीसुद्धा उचलू दिली नव्हती!)

मग करायचं काय? गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की योग अति खाणाऱ्याचा नाही आणि अजिबात न खाणाऱ्याचाही नाही, अति झोपणाऱ्याचा नाही आणि जागत राहणाऱ्याचाही नाही. आहार, विहार, झोप, कर्मातली धडपड, सगळं ‘युक्त’, म्हणजे बेताचं असेल तर तो योग दुःख हरतो. माझ्या फिजिओने मला जे शिकवलं ते जवळपास हेच आहे. बऱ्या दिवशी आपण आठवड्याची सगळी कामं उरकतो आणि पुढचे तीन दिवस आडवे पडतो. त्यापेक्षा वाईट दिवशीही जमेल एवढंच रोज ठरवायचं, बरं वाटलं तरी तेवढंच करायचं, आणि हळूहळू वाढवायचं. मी दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली. आज पस्तीस मिनिटांवर आहे, तेही दोन वर्षांनी. दुखणं गेलेलं नाही. पण पर्वतीच्या पायऱ्या मी पुन्हा चढले. मधे चार वेळा बसले, हे वेगळं.

‘तितिक्षा’ हा शब्दही आपण फार सैल वापरतो. दुसऱ्या अध्यायात सुखदुःखं येतात-जातात, ती सहन कर, असं अर्जुनाला सांगितलंय हे खरं. पण ते सांगून झाल्यावर त्याला उठून काम करायला सांगितलंय, दात-ओठ खात कोपऱ्यात बसायला नाही. आणि सतराव्या अध्यायात भगवंत अशा लोकांबद्दल बोलतात जे दंभाने, अहंकाराने घोर तप करून शरीराला छळतात. ते शरीरात राहणाऱ्या मलाच छळतात, असं ते म्हणतात, आणि त्या वृत्तीला आसुरी म्हणतात. विषय तपाचा आहे, मान्य. तरीही लोक काय म्हणतील म्हणून दोन तास मांडी घालून पारायणाला बसणारी आणि मग रात्रभर तळमळणारी माणसं मला तिथे आठवतात. खुर्चीवर बसून केलेला जप पोचतो का, असं मला नेहमी विचारतात. पोचतो हो! मारुतीराया काय आसन तपासायला बसलाय का?

जपाने दुखणं बरं होतं असा दावा मी करणार नाही. माझा अनुभव एवढाच की रात्री दुखणं वाढतं तेव्हा सावकाश श्वास सोडत नाम घेतलं की अंग आवळून धरलेलं असतं ते थोडं सुटतं आणि ‘हे आता कायमचंच’ ही धास्ती मागे सरते. कधी झोप लागते, कधी नाही. औषधं आणि व्यायाम चालूच असतात. तुलसीदासांनीही औषधं घेतलीच होती की!

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. पाठदुखीबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पायातली ताकद जात असेल, बैठकीच्या जागी बधिरपणा आला असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, तर पोथी मिटा आणि त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. बाकीच्यांनी, तीन महिने होऊन गेले असतील तर, डॉक्टरांना फिजिओथेरपीबद्दल आणि पेन क्लिनिकबद्दल विचारा.

मैत्रिणीला मी बाहुकाचं ३५वं आणि ३६वं पद अर्थासकट पाठवलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. आधी दहा मिनिटं ती फक्त कुठे कुठे दुखतं तेच सांगत होती, मी ऐकत होते. मग म्हणाली, “आज आईलाही सांगितलं.” शनिवारी ती आमच्याकडे पाठाला येतेय. दिवाणखान्यात दोन खुर्च्या मांडून ठेवल्यात, एक तिची, एक माझी.

जय बजरंगबली!