छापील शब्द आणि शेतकऱ्याचे वर्ष

सल्ला देणारा आणि सल्ला ऐकणारा यांचे नाते हा नीतिविचारातील एक जुना, परंतु पुरेसा न चर्चिलेला विषय आहे. वैद्य औषध सांगतो, वकील दावा लढवावयास सांगतो, ज्योतिषी मुहूर्त सांगतो. फळ मात्र ज्याचे त्यालाच भोगावे लागते. तरीही वैद्यासमोर रोगी बसलेला असतो. औषध लागू पडले नाही तर तो चार दिवसांनी पुन्हा दारात येतो. वर्तमानपत्राच्या संपादकाची गोष्ट निराळी आहे. त्याने छापलेला सल्ला कोणी वाचला, कोणी आचरला आणि आचरून कोणाचे काय झाले, हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. हे पत्र शेतीविषयक असले तर प्रश्न अधिकच गंभीर होतो. शेतकऱ्याची कसण्याची वर्षे धरली तर ती फार तर चाळीस. म्हणजे प्रयोग करण्याच्या संधीही चाळीसच. लेख वाचून त्याने ‘यंदा करून पाहू’ असे म्हटले, की त्या चाळिसांतील एक वर्ष त्याने लेखकाच्या स्वाधीन केले, असे समजावे. ते वर्ष वाया गेले तर त्याचा जाब कोणी द्यावयाचा?

हा प्रश्न आमच्या मनात घोळू लागला तो एका कन्नड मासिकामुळे. आम्ही बेळगावचे, नोकरी कर्नाटक शासनाची. त्यामुळे घरी मराठी आणि कचेरीत कन्नड अशी दोन्ही भाषांची सोबत आम्हांस आयुष्यभर घडली. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील पुत्तूर येथून १९८८ साली ‘अडिके पत्रिके’ नावाचे मासिक निघाले. ‘अडिके’ म्हणजे सुपारी. सुपारीच्या बागाईतदारांसाठी निघालेले हे पत्र पुढे पावसाचे पाणी साठविणे, फणसासारख्या दुर्लक्षित फळाचा उपयोग करणे, घरच्या घरी खत तयार करणे अशा कितीतरी विषयांकडे वळले. ते सेंद्रिय शेतीचे सांप्रदायिक मुखपत्र नव्हे. परंतु बाहेरून विकत आणावयाच्या वस्तूंपेक्षा आपल्या मातीतले आणि आपल्या शेजाऱ्याच्या अनुभवातले ज्ञान त्याने मोलाचे मानले. पत्रकार व शेतकरी असलेले श्री पड्रे (यांत ‘श्री’ हे आदरार्थी नसून नावच आहे) हे त्याचे एक आधारस्तंभ. त्यांची व त्यांच्या सहकाऱ्यांची भूमिका साधी होती : शेतीविषयी शेतकऱ्यानेच लिहावे, त्याला लिहिता येत नसेल तर लिहावयास शिकवावे. त्यासाठी त्यांनी शेतकऱ्यांना लेखनाचे धडे देणारी शिबिरेही भरविली.

वरवर पाहता ही केवळ लेखक मिळविण्याची युक्ती वाटेल. आमच्या मते तिच्यात एक नैतिक तत्त्व दडलेले आहे. कसणारा माणूस जेव्हा लिहितो, तेव्हा त्याचे शेत त्याच्या लेखाला जामीन राहते. वाचक उठून त्या गावी जाऊ शकतो, बांधावर उभा राहून झाड पाहू शकतो, शेजाऱ्याला विचारू शकतो. खोटे लिहिले तर गावात तोंड दाखविता येणार नाही, ही भीती कोणत्याही कायद्याहून अधिक उपयोगी पडते. याउलट सरकारी पत्रकाचा विचार करावा. हेक्टरी अमुक किलो खत, अमुक दिवसांनी अमुक फवारणी, असे त्यात ठामपणे लिहिलेले असते. लिहिणारा अधिकारी विद्वान असतो, हेतूही चांगला असतो. पण तीन वर्षांनी त्याची बदली होते. सल्ला मागे उरतो, सल्लागार पुढे जातो. हा व्यक्तीचा दोष नव्हे, व्यवस्थेचा आहे. परंतु दोष आहे खरा.

सुपारीचेच उदाहरण घेऊ. सुपारीचे रोप लावल्यापासून फळ धरावयास पाच-सात वर्षे लागतात. पावसाळ्यात कोळेरोग आला तर कोवळी फळे सडून गळून पडतात. त्यावर मोरचूद आणि चुना यांच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी करण्याची रीत कोकण-गोव्यापासून मलनाडपर्यंत रुळलेली आहे. शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. आता सेंद्रिय शेतीचा कडवा पुरस्कर्ता म्हणेल, की तांबे जमिनीत साठत जाते, तेव्हा फवारणी बंद करा. त्याचे म्हणणे निराधार नाही. परंतु आषाढात बाग सडू लागली असता हे वाक्य छापणाऱ्या संपादकाने स्वतःला विचारावे, की या वाक्याची किंमत कोण मोजणार आहे. सत्य सांगणे आणि योग्य वेळी, योग्य मर्यादेसह सांगणे, यांत अंतर आहे.

यावर कोणी म्हणेल, की मग गप्प बसणेच बरे. तसेही नाही. गप्प बसणे हाही एक सल्लाच असतो. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात सरकारी महामंडळाच्या काजूच्या मळ्यांवर वीस वर्षांहून अधिक काळ, इसवी सन २००० पर्यंत, हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले जात होते. श्री पड्रे यांचे गाव त्याच परिसरातले. १९८० च्या आसपास विकृत अवयवांची वासरे जन्मास आलेली पाहून त्यांना शंका आली आणि त्यांनी लिहावयास आरंभ केला. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. होते ते डोळे आणि लेखणी. पुढे गावातील डॉक्टर, आया, कार्यकर्ते बोलू लागले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर या औषधाच्या उत्पादनावर व वापरावर बंदी घातली आणि २०१७ साली पीडितांस प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. पहिल्या शंकेपासून बंदीपर्यंत तीस वर्षे गेली. संपूर्ण पुरावा हाती येईपर्यंत थांबावे, असे त्या वेळी सर्वांनीच ठरविले असते तर आणखी किती वर्षे गेली असती? तेव्हा शंका ही शंका म्हणून छापणे हेही कर्तव्य ठरते. मात्र तिला सिद्धान्ताचा पोशाख घालू नये.

छापण्याचे धैर्य हा प्रश्न मराठीसही नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याचे पहिले दोन भाग ‘दीनबंधु’त आले, पुढचे भाग छापावयास संपादक नारायण मेघाजी लोखंडे धजले नाहीत, आणि फुले त्यांच्यावर रागावले. फुल्यांचा राग समजण्याजोगा आहे. परंतु लोखंड्यांची अडचणही समजून घ्यावयास हवी. सरकारची खप्पामर्जी ओढवून पत्र बंद पडले असते, तर शेतकऱ्याचा आवाज काढणारी एक जागाच नाहीशी झाली असती. दोघेही शेतकऱ्याच्याच बाजूचे. एकाने सत्याचा विचार केला, दुसऱ्याने सत्य सांगणाऱ्या साधनाचा. आजच्या शेतीपत्राला खते-औषधांच्या जाहिराती घ्याव्यात की नाही हा पेच पडतो, तो याच जातीचा आहे. जाहिरात घेतली तर जीभ जड होते. न घेतली तर छपाईचे देणे थकते. यावर सर्वांना लागू पडेल असा नियम आम्हांस सापडलेला नाही. मात्र कोणाच्या पैशावर पत्र चालते, हे वाचकास स्पष्ट दिसावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

उत्साहाच्या भरात दिलेल्या सल्ल्याचे परिणामही आपण पाहिले आहेत. श्रीलंकेच्या सरकारने २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये सारा देश एकदम सेंद्रिय करावयाचे ठरवून रासायनिक खतांची आयात बंद केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात हा निर्णय मागे घ्यावा लागला; भाताचे पीक घटले, तांदूळ बाहेरून आणावा लागला, शेतकऱ्यांना भरपाई जाहीर करावी लागली. सेंद्रिय शेती वाईट, असा याचा अर्थ नाही. जमिनीचा कस वर्षानुवर्षे उतरतो आणि वर्षानुवर्षेच चढतो, तो फर्मानाने चढत नाही, एवढाच अर्थ आहे. आपल्या देशाच्या सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या नियमांतही हंगामी पिकांसाठी दोन आणि बागाईती झाडांसाठी तीन वर्षांचा परिवर्तनकाळ सर्वसाधारणपणे धरला आहे. या काळात रासायनिक खताचा आधार सुटलेला असतो आणि ‘सेंद्रिय’ या नावाचा पुरता भाव मिळत नाही. जे पत्र सेंद्रिय शेतीचे गोडवे गाते आणि या दोन-तीन वर्षांविषयी मौन बाळगते, ते अर्धेच बोलते.

या बाबतीत इंदूरच्या वाचकांस अभिमान वाटावा असे एक उदाहरण आहे. १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग वेळोवेळी उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसविली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली. १९३१ साली या विषयावर जो ग्रंथ निघाला, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड हे नाव सहलेखक म्हणून छापलेले आहे. पुढे १९४२ साली अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी सेंद्रिय शेतीचे मासिक काढले, त्यामागे हॉवर्ड यांचीच प्रेरणा होती. हॉवर्ड जगाला माहीत झाले, वाड मागे राहिले, आणि ज्या शेतकऱ्यांना हॉवर्ड स्वतः आपले गुरू म्हणत, ते तर निनावीच राहिले. हे ज्ञान कोणाकडून आले, हे सांगणे ही केवळ सौजन्याची बाब नाही. उगम ठाऊक असला तरच ज्ञान कोणत्या मातीत, कोणत्या पावसात वाढले ते कळते, आणि आपल्या मातीत ते रुजेल की नाही याचा अंदाज बांधता येतो.

आता हा प्रश्न केवळ संपादकांचा आहे असे समजून आपण निश्चिंत राहू नये. आपल्यांतील पुष्कळ घराण्यांची गावाकडे थोडीबहुत जमीन आहे. कसणारा दुसराच असतो. आमचेही बेळगाव तालुक्यात भाताचे शेत आहे. काही वर्षांपूर्वी, वाचनाच्या प्रभावाने, यंदापासून युरिया टाकू नये असे आम्ही वाटेकऱ्यास सुचविले. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “टाकत नाही. पण भात कमी आलं तर वाटा कुणाचा कमी धरायचा, ते तेवढं सांगा की साहेब.”

सल्ल्याविषयीचे सारे नीतिशास्त्र त्या एका प्रश्नात आले आहे. रसायनाविना पिकलेला तांदूळ आम्हांस हवा होता, निरोगी जमीन आम्हांस हवी होती. आणि घट आली असती ती मात्र त्याच्या कणगीत. घरात विचार करून आम्ही ठरविले, की तीन वर्षे त्याला पूर्वीच्या सरासरीइतका वाटा मिळावा आणि तूट आमच्या वाट्यातून जावी. पहिल्या वर्षी सहा पोती कमी आली, दुसऱ्या वर्षी चार. तिसऱ्या वर्षी पाऊसच चांगला झाला, त्यामुळे त्या पिकाचे श्रेय शेणखताला द्यावे की मेघांना, हे आम्ही ठरवू शकलो नाही आणि वाटेकऱ्यानेही ठरविले नाही. त्याने आपल्या स्वतःच्या शेतापैकी पाच गुंठे मात्र त्याच रीतीने लावावयास घेतले. उरलेल्यात अजून युरिया पडतो.

ते पाच गुंठे आम्हांस फार बोधप्रद वाटतात. शेतीपत्राने आपल्या वाचकास काय सांगावे, याचे मापच त्याने घालून दिले आहे : जे बुडाले तरी घर चालेल, तेवढ्यावरच आधी करून पाहा. जो सल्लागार हे वाक्य सांगावयास विसरत नाही, यशाइतकीच फसगतही छापतो, आणि आपल्याला त्यातून काय मिळते ते लपवीत नाही, त्याला शेतकऱ्याचे वर्ष मागण्याचा अधिकार पोचतो. नुकसान वाटून घेणे प्रत्येक संपादकास शक्य नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु ज्याला ते शक्य आहे, ज्याच्या नावावर सातबारा वा पहाणीपत्रक आहे आणि ज्याच्या हातात नांगर नाही, त्याने सल्ला देण्यापूर्वी आपला वाटा किती कमी धरावयाचा, हे आधी स्वतःशी ठरवावे आणि मगच तोंड उघडावे.